पाय धुण्याचं पाणी

“त्यांचे पाय तेवढे आधी धुऊन घ्या, हिरामणभाऊ. मागच्या नळावर, साबण लावून,” एवढं बोलून पाळकसाहेबांनी सायकलवर टांग टाकली आणि ते कर्जतच्या बाजारातल्या गर्दीत दिसेनासे झाले. हिरामण वांग्यांची पिशवी हातात धरून भाजीवालीसमोर तसाच उभा राहिला. “कोथमीर टाकू का रं दादा?” तिने विचारलं. तो नको म्हणाला. तिने टाकली. बायको मेलेल्या माणसाला बाजारातल्या बाया न मागता कोथिंबीर देतात, हे त्याला गेल्या दोन वर्षांत कळलं होतं. पाळकसाहेब काही वावगं बोलले नव्हते. येत्या गुरुवारी, प्रभूच्या मरणाच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये संध्याकाळची उपासना होती. परदेशातून मिशनचे हॅरिस साहेब येणार होते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले तसे ते डोंगरातल्या वाडीवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे पाय स्वतःच्या हाताने धुणार होते. त्यानंतर हिरामणने उभं राहून साक्ष द्यायची होती, की समुद्रापलीकडच्या सेवेत शिष्यत्वाविषयी मी काय शिकलो. हे सगळं ठरलेलंच होतं. फक्त तो ‘आधी’ नव्याने आला होता. नव्याने तरी कुठे? तो त्याने पूर्वी एकदा ऐकला होता, तिथेच, समुद्रापलीकडे. तेव्हा तो मान हलवून कामाला लागला होता. आज भर बाजारात त्याची मान हलली नाही.

तो सावलीच्या कडेकडेने मिशनच्या आवारात आला. आवाराच्या टोकाला त्याची खोली. त्याची म्हणायचं आपलं. खोली बायबलबाईची होती, म्हणजे वाड्यावाड्यांवर जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवणारी जी बाई मिशनने नेमली असेल तिची. ती बाई म्हणजे मैना, हिरामणची बायको. मैना गेली तेव्हा खोलीही जायला हवी होती. कमिटीने दुखवट्यापोटी काही दिवस राहू दिलं, मग हिरामण परदेशी सेवेला गेला म्हणून राहू दिलं, आणि आता नवी बायबलबाई नेमायची होती. मघाशी बाजारात त्याने विचारलं होतं, “साहेब, खोलीचं कसं?” पाळकसाहेब सायकलच्या घंटीशी चाळा करत म्हणाले, “शनिवारी कमिटी आहे. हॅरिस साहेब स्वतः बसणार. तुमची साक्ष चांगली झाली तर मला तुमच्यासाठी बोलता येईल. नव्या बाईला काय, स्टेशनजवळ खोली बघू.” यात धमकी नव्हती. पाळकसाहेब धमकी देणारा माणूसच नव्हता. तो चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसांनी सांगितलेलं नाकारायचं कसं हे हिरामणला कधी जमलं नव्हतं. खोलीत दुसरं काही नव्हतं. एक पलंग, एक चूल, खिडकीत तिची चप्पल. पण खोलीला एक पायरी होती. त्या पायरीवर मैना बसली होती. दुसरीकडे कुठे राहायला गेलं तर तिथेही पायरी असेल, पण त्या पायरीवर मैना बसलेली नसेल.

हिरामण गवंडी होता. त्याचा बाप नगरकडून बांधकामावर खोपोलीला आला आणि तिकडेच राहिला. मैना खालापूरची. लग्नानंतर दोघं कर्जतला आले. मैना सकाळची एसटी धरून कशेळ्याला उतरायची आणि तिथून पुढे पायी वाड्यांवर जायची. कधी दुसऱ्या बाजूला कोंडाण्याकडे. हिरामणचं काम गावातलंच, त्यामुळे बहुतेक दिवशी तोच आधी घरी यायचा. घरात एक रीत होती, हिरामणच्या आईने घालून दिलेली. बाहेरून येईल त्याला घरात असेल त्याने पायरीवर पाय धुवायला पाणी द्यायचं. मग जरा बसू द्यायचं. मग गुळाचा खडा आणि प्यायचं पाणी. उन्हातून आलेल्याला लगेच प्यायला द्यायचं नाही, ते बाधतं. आईच्या वेळी बाहेरून येणारा नेहमी बाप असायचा. हिरामणच्या घरात येणारी मैना असायची, म्हणून तो तिला पाणी द्यायचा. सरळ हिशेब. पण शेजारच्या सुंदराला तो बघवायचा नाही. एकदा ती कुंपणावरून म्हणाली, “काय गं मैना, घरात नवरा ठेवलाय का गडी?” मैना पायांवर पाणी घेत म्हणाली, “दोन्ही हाय बाय माझ्याकडं. तुज्याकडं त्यातलं एक तरी धड हाय का?” सुंदरा दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिचा नवरा सुंदरासाठी नळावर रांगेत उभा दिसला. मैना हसून हसून आडवी पडली होती. तिच्या टाचांना भेगा होत्या. भेगांत वाड्यांवरची माती बसलेली असायची, लाल, काळी, राबाच्या दिवसांत राखेची. पाणी ओतता ओतता ती आज कुठे जाऊन आली ते हिरामण तिच्या पायांवरून ओळखायचा आणि सांगायचा. ती म्हणायची, “एवढं शास्त्र वाचलं असतंत तर पाळक झाला असतात.”

वैशाखात एका दुपारी ती लवकर आली. पायरीवर बसली. चप्पल काढली नाही. हिरामण आतून मोठा तांब्या भरून घेऊन आला आणि तिच्या पायांशी वाकला. ती म्हणाली, “थांबा जरा.” तो थांबला. दम खाऊ द्यावा म्हणून तांब्या धरून उभा राहिला. समोर सुंदराची कोंबडी माती उकरत होती. कोंबडीकडे तो बघत राहिला. घाटाला गाडी ढकलायला लावलेल्या इंजिनाची शिट्टी झाली. मग मैनाचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं आणि तिथून खाली घसरलं. डॉक्टर म्हणाला, हृदय. कुणी म्हणालं, ऊन लागलं. तिला आंघोळ चर्चच्या मंडळीतल्या बायांनी घातली. बाईला बायाच न्हाऊ घालतात, हिरामणला बाहेर बसवलं. आत पाण्याचा आवाज येत होता. आज ती कुठे गेली होती हे तिच्या पायांवरून त्याला ओळखायचं होतं, पण बाहेर आणली तेव्हा पाय स्वच्छ होते, पांढऱ्या मोज्यांत. हातातला तांब्या त्याने कुठे ठेवला ते त्याला आठवत नव्हतं. पुढे तो न्हाणीत सापडला. त्याच पाण्याने सुरुवात केली असेल त्यांनी. पण हिरामण या सगळ्याच्या मागे, त्या दोन शब्दांशी अडकून राहिला होता. थांबा जरा. माणूस थांबा म्हणतो तेव्हा त्यापुढे काहीतरी असतं. ते काय होतं? ती काही सांगणार होती का? त्याच्यावरच्या रागाचं काही, राहिलेलं काही, देवाचं काही? रात्रंदिवस तो ते वाक्य तिच्या आवाजात पुढे ढकलून बघायचा आणि ते तिथेच थांबायचं.

मग पाळकसाहेब आले. म्हणाले, दुःखातून प्रभू सेवेला बोलावतो. मिशनची एक तुकडी आफ्रिकेला चालली होती, तिकडच्या एका डोंगरावर प्रार्थनामंदिर बांधायला, आणि तुकडीत गवंडी नव्हता. हिरामणने नाही म्हटलं नाही. मुंबईहून जहाज निघालं तेव्हा किनाऱ्यावर दुसऱ्यांच्या बायका रुमाल हलवत होत्या. त्याला समुद्र लागला, पोटातलं सगळं ओकून झाल्यावरही ओकारी थांबली नाही, आणि त्याला बरं वाटलं की निदान शरीराला तरी काहीतरी होतंय. तिकडे बंदरातून लॉरीने दोन दिवस आत. तांबडी, कोरडी जमीन, काटेरी झाडं. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी हॅरिस साहेब एका झाडाखाली शिष्यत्वाचा धडा देत. मुंबईचा एक तरुण ते मराठीत सांगे. शिष्य घरदार सोडतो. नांगराला हात घातल्यावर शिष्य मागे बघत नाही. हिरामण विटांच्या ढिगावर बसून ऐके आणि मनात म्हणे, मी काय सोडणार, मलाच सोडून गेलीय. आणि मागे न बघता मी कुठे बघू? पुढे भिंत होती. ती त्याने चांगली बांधली. भिंतीला पाणी मारावं लागतं, नाहीतर ती चिरते. पाणी तिथल्या बाया डोक्यावर डबे घेऊन डोंगराखालच्या खड्ड्यातून आणत. एक बाई रोज डबा ओतून झाल्यावर निघून न जाता तिथेच उभी राही. हिरामण भिंतीवर पाणी मारी, ते भिंतीवरून ओघळून जमिनीत जाई, आणि ती ते जमिनीत जाईपर्यंत बघे. त्याने तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या तरुणाला साहेबांना सांगायला लावलं, की आधी विहीर खणली तर? साहेब हसले. त्या मुंबईच्या तरुणाने मराठी केलं, “साहेब म्हणतात, हिरामण, तुझं मन चांगलं आहे. पण शिष्याचा क्रम चुकता कामा नये. आधी देवाचं घर.” हिरामणला क्रम पटला. क्रम पाळणाऱ्या घरातच तो वाढला होता.

मंदिर झालं त्या दिवशी साहेबांनी एका म्हाताऱ्याचे पाय धुवायचे ठरवलं. “आधी तू धुऊन घे,” हिरामणला सांगण्यात आलं, “फोटो काढायचाय.” भिंतीमागे त्याने काथ्याने त्या म्हाताऱ्याचे पाय घासले. म्हातारा हसत होता. हे परके लोक एकदा धुऊन पुन्हा धुतात, यांच्याकडे पाणी एवढं आहे तर, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं. मग वेदीपुढे साहेब गुडघ्यांवर बसले, फोटोवाल्याने दिवा उडवला, आणि म्हाताऱ्याने एक बोट बादलीकडे केलं आणि मग आपल्या ओठांवर ठेवलं. पुन्हा केलं. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी लोकांना सांगितलं की तो आभार मानतोय, त्याला शब्द सापडत नाहीयेत. त्या संध्याकाळचा धडा कृतज्ञतेवर होता. तो फोटो आता कर्जतच्या चर्चमध्ये बाजाच्या पेटीच्या वरच्या भिंतीवर लावला होता. त्यात साहेब होते, म्हातारा होता, त्याचं ओठावर ठेवलेलं बोट होतं, आणि कडेला बादली धरलेलं एक कोपर होतं. ते हिरामणचं. दर रविवारी तो ते कोपर बघत असे.

गुरुवारी ऊन उतरायच्या आतच वाडीवरची माणसं आली. कशेळ्यापर्यंत चालत, तिथून एसटीने, स्टँडवरून पुन्हा चालत. सगळी म्हातारी. राबाचे दिवस होते, शेतात पालापाचोळा जाळण्याचे. त्यामुळे सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत राखेने काळे झाले होते. मागच्या नळाशी ती ओळीने बसली. पुढे जैतू नावाचा एक उंच म्हातारा होता, बोलका. “एवढं लांब चालवत आनलं,” तो म्हणाला, “आन आता म्हनं पाय घान हायत. चालवलं नसतं तर साफच हुते की रं.” सगळे हसले. हिरामणही हसला. जैतूच्या शेजारी पारू नावाची म्हातारी होती. ती त्याच्याकडे निरखून बघत म्हणाली, “तू मैनाबायचा नवरा ना?”

“हो.”

“ती सांगायची. म्हनायची, माजा नवरा पाय बघून गाव सांगतो.” तिने पाय पुढे केला. “सांग बघू मी कुटली.”

हिरामण वाकला. टाचेला भेगा. भेगांत राख. त्याने साबण हातात घेतला होता, तो तसाच राहिला. हेच पाय. असेच मैनाचे त्याने दुसऱ्यांच्या हाती दिले होते, आणि ते स्वच्छ होऊन बाहेर आले होते. नळ सोडलेला होता आणि पाणी जमिनीवर वाहून जात होतं. पारूने ओंजळ पुढे केली.

“पानी दे रं जरा. प्यायला.”

“उन्हातनं आलीस आजे,” तो म्हणाला, आपोआप, आई म्हणायची तसं. “लगेच पिऊ नये, बाधतं. जरा बस.” आणि त्याने नळ बंद केला. पारूने ओंजळ मागे घेतली, ओली बोटं गालांवर फिरवली. मैनाबायच्या नवऱ्याचं ऐकायला पाहिजे असं तिला वाटलं असावं. हिरामणने साबण खिशात टाकला. “चला आत.”

“आन पाय?” जैतूने विचारलं.

“साहेब धुतील.”

“असल्या पायांनी?”

“असलेच धुवायचे असतात ना.” हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काहीतरी केलं. शनिवारी कमिटीत हे निघेल. खोली गेली, हे त्याला नळापासून चर्चच्या दारापर्यंत जाताना अगदी शांतपणे कळलं, आणि खिशातला ओला साबण मांडीला गार लागत राहिला.

चर्च भरलेलं होतं. पंखे फिरत होते. वेदीपुढे बाकावर वाडीवरची माणसं बसली आणि फरशीवर पावलांचे काळे ठसे उमटले. पाळकसाहेबांनी ते ठसे पाहिले, मग हिरामणकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, दुखावल्याची खूण होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती. पेटी वाजायची थांबली. हॅरिस साहेब पांढरा टॉवेल कमरेला बांधून गुडघ्यांवर बसले. बऱ्याच वर्षांच्या सवयीने ते हलकेच, बोटांच्या टोकांनी पाणी लावायला गेले आणि परातीतलं पाणी एकदम काळं झालं. साहेब क्षणभर अडखळले. मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि खरंच धुवायला सुरुवात केली. हे हिरामणला अपेक्षित नव्हतं. साहेब वाईट नव्हता, हे त्याला नको होतं. जैतूचे पाय धुऊन झाले, परातीतलं पाणी बदललं, ते पारूकडे सरकले. मंडळीतल्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. साहेबांनी पारूचा घोटा हातात घेतला.

पारूने पाय मागे ओढला.

“थांबा जरा,” ती म्हणाली. “आदी प्यायला द्या कुनी. घसा सुकला माजा.”

ती मोठ्याने बोलली नव्हती. पण चर्चमध्ये शांतता होती आणि ते शेवटच्या बाकापर्यंत गेलं. कुणीतरी हसू दाबलं. साहेबांनी पाळकसाहेबांकडे पाहिलं, ती काय म्हणाली ते विचारायला. पाळकसाहेब काय सांगावं याचा विचार करत होते. पेटीच्या वर तो फोटो होता. हिरामणने त्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याचं बोट ओठावर होतं. ते आभाराचं बोट नव्हतं. दोन वर्षं जे वाक्य तो पुढे ढकलत होता ते एका परक्या म्हातारीच्या तोंडातून पुढे गेलं होतं आणि पूर्ण झालं होतं. थांबा जरा, आधी प्यायला द्या. त्यात देवाचं काही नव्हतं, रागाचं नव्हतं, राहिलेलं काही नव्हतं. मैनाला तहान लागली होती. तांब्या भरलेला होता. तो तिच्या तोंडापासून दोन हात खाली, तिच्या पायांजवळ, त्याने धरून ठेवला होता आणि कोंबडीकडे बघत उभा राहिला होता.

मागच्या दाराजवळ माठ होता. तो तिकडे गेला. तांब्या बुडवला, भरला, मधल्या वाटेने पुढे आला. सगळे बघत होते. पारूने तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि ओठ न लावता वरून पाणी तोंडात सोडलं, घटघट, अर्धं गळ्यावरून छातीवर. साहेब अजून गुडघ्यांवरच होते, ओला टॉवेल हातात, धुवायला समोर पाय नाही. “आनखी,” पारू म्हणाली. “आन जैतूला पन. त्यो लाजतोय.”

“आता आपले हिरामणभाऊ,” पाळकसाहेबांचा आवाज आला, जरा घाईत, सगळं पुन्हा रुळावर आणण्यासाठी, “आपल्याला साक्ष देतील, की परदेशातल्या सेवेत शिष्यत्वाचे कोणते धडे ते शिकले. हिरामणभाऊ, या. पुढे या.” ते त्याच्यासाठी जागा करून बाजूला सरकले. त्यांना खरोखर त्याची खोली वाचवायची होती.

हिरामण रिकामा तांब्या हातात घेऊन वाटेच्या मध्यावर उभा राहिला. काय शिकला ते त्याला आत्ताच कळलं होतं, इथे, आणि ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. बोललं तर बाया पुन्हा डोळ्यांना पदर लावतील, साहेब मान हलवतील, शनिवारी खोली त्याची होईल, आणि मैनाची तहान एका चांगल्या साक्षीत जमा होईल. पायरीवर रोज संध्याकाळी त्याला तिच्याशेजारी बसता येईल. तो तिथे कशाला बसणार होता आता?

“हिरामणभाऊ,” पाळकसाहेब म्हणाले.

जैतू लाजत होता खरा. त्याने तांब्याकडे बघायचं टाळलं होतं. त्याच्यापुढे आणखी चार-पाच म्हातारी बसली होती, काळ्याच पायांची, आणि त्यांतल्या कुणी अजून काही मागितलं नव्हतं.

हिरामण वळला आणि माठाकडे गेला.